डिकीतली मळणी

आमच्या अँबेसिडरला मी बटणाची डिकी बसवली, ती गोष्ट एकलहऱ्याच्या कॉलनीत अजून सांगतात. सांगणारा निम्म्यावरच हसायला लागतो, त्यामुळे शेवट कुणालाच ठाऊक नाही. नुसत्या निम्म्या गोष्टीवर माझी अब्रू जाते, हे मला पटत नाही. जायचीच असेल तर पुरी जाऊ दे, म्हणून मीच सांगतो.

ऐंशी-ब्याऐंशीचा सुमार असेल. मी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात इलेक्ट्रिकल मेन्टेनन्सला फोरमन होतो. माझ्या मते केंद्र माझ्यामुळे चालत होतं. केंद्राचं मत वेगळं असावं, कारण मी रजेवर गेलो म्हणून नाशिकचे दिवे गेलेत असं एकदाही झालं नाही. गाडी म्हणाल तर एका ठेकेदाराने गाव सोडताना ती माझ्या गळ्यात मारली होती. आमच्या भावकीतली ती पहिली चारचाकी, त्यामुळे तिचे गुण कुणी बघितले नाहीत. मीही बघितले नाहीत.

तिचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे डिकीचं हँडल. ते इतकं झिजलं होतं की उघडताना उजव्या हाताने पिळायचं, डाव्या गुडघ्याने झाकण रेटायचं आणि नेमक्या क्षणी वर उचलायचं. माझ्या बायकोला, सिंधूला, ते पहिल्या झटक्यात जमायचं. मला कधीच जमलं नाही. बाजारात पिशव्या घेऊन मी उभा राहायचो आणि ती पदर खोचून गुडघा लावायची. बघणारे बघायचे. बटणाची डिकी ही माझ्या डोक्यातली थोर कल्पना होती असं मी सगळ्यांना सांगत आलो, पण खरं कारण हा गुडघा होता.

भद्रकालीतल्या एका भंगारवाल्याकडे मोडक्या जनरेटरची कॉईल मिळाली. तिला करंट दिला की आतला लोखंडी दांडा खटकन ओढला जातो, एवढंच तिचं काम. त्या दांड्याला मी सायकलच्या ब्रेकची केबल बांधली आणि केबलचं दुसरं टोक डिकीच्या कुलपाच्या जिभेला अडकवलं. वायर सीटखालून पुढे आणली. आता राहिलं बटण. दुकानातलं एकही बटण मला माझ्या योग्यतेचं वाटेना. घरात दारावरच्या बेलचं एक कोरं बटण पडून होतं, पांढरंशुभ्र, गोल. तेच डॅशबोर्डवर बसवलं. पुढे जो कोणी पहिल्यांदा गाडीत बसायचा तो विचारायचा, "हे दाबलं तर आतून कोण येतं?"

पण खटका बसला मात्र झकास. बटण दाबलं की मागे खट्ट आवाज व्हायचा आणि डिकी चार बोटं वर यायची. मी सिंधूला हाक मारली. ती कणकेच्या हातानेच बाहेर आली.

"दाब," मी म्हणालो.

"मला हँडल जमतंय की."

"अगं, पण दाबून तर बघ!"

"हात खरकटे हायेत," ती म्हणाली आणि आत गेली.

मग मी ते केलं जे कुठल्याही शहाण्या माणसाने केलं नसतं. जुनं हँडल काढलं, त्या जागी पत्र्याचा तुकडा वेल्ड करून घेतला, वरून रंग मारला. डिकी बाहेरून गुळगुळीत झाली. सिंधू म्हणाली, "राहू द्यायचं होतं. हँडल काय खात होतं का पीत होतं?" मी म्हणालो, "विमान आल्यावर बैल दावणीला ठेवायचे का?" हे वाक्य मला फार आवडलं होतं. पुढचे काही दिवस केंद्रात मी ते भेटेल त्याला ऐकवलं. त्यातला बैल कोण, हे मला नंतर कळलं.

आता सिंधूबद्दल सांगायला पाहिजे, कारण गोष्ट माझी वाटत असली तरी आहे तिची. सिंधू रुखवत करायची. लग्नात मुलीकडचे हौसेने मांडतात ना, लाडवांचे डोंगर, कुरडयांची पालखी, सुपारीच्या बाहुल्या, ते. मुलाकडच्या बायका ते बघायला येतात आणि खरं म्हणजे नावं ठेवायलाच येतात. कॉलनीत कुणाचं लग्न असलं की सिंधू हौसेने करून द्यायची. मग एके दिवशी घोटीहून बोलावणं आलं. तिथल्या भाताच्या गिरणीचे मालक रंगनाथशेठ, त्यांच्या मुलीचं लग्न. त्यांच्या बायकोने सिंधूचं काम कुठल्याशा लग्नात पाहिलं होतं.

सिंधूचं माहेर घोटीजवळच्या एका पाड्यावरचं. तिचे वडील डोक्यावर भाताची पोती घेऊन त्याच गिरणीत यायचे आणि बाहेर ओट्यावर वाट बघत बसायचे. आता त्या घरच्या मांडवात, सगळ्या घोटीच्या डोळ्यांसमोर, त्या पोती वाहणाऱ्याच्या मुलीच्या हातचं रुखवत मांडलं जाणार होतं. ती मला एकदाच म्हणाली, "घोटीत नाव झालं पाहिजे. नाशकात झालं नाय तरी चालंल." तिने दुसऱ्यांदा सांगितलं नाही. मीही दुसऱ्यांदा विचारलं नाही, आणि तिथेच माझी बुद्धी दिसते.

दिवाळीपासून ती आतल्या खोलीत बसून खळं करत होती. फळीवर माती थापून, शेणाने सारवून केलेलं खरं खळं. मध्ये तिवडा, म्हणजे मळणीचे बैल ज्या खांबाभोवती फिरतात तो. कणकेचे बैल, त्यांना तिळाचे डोळे. भावाच्या शेतातून आणलेल्या पेंढ्याच्या करंगळीएवढ्या पेंढ्या, एका कडेला खऱ्या साळीची रास, आणि राशीपाशी सूप घेऊन उपणणारी सुपारीची बाई. त्या बाईचा पदर वाऱ्यावर उडालेला होता. तो कसा उडवला ते तिने मला कधी सांगितलं नाही. मी खळं पाहिलं तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. मग फुटला तो असा: "हे डिकीत ठेवू."

"मांडीवर घेते मी," ती म्हणाली.

"मांडीवर? अगं, तिथे मांडवासमोर गाडी थांबेल. सगळे बघत असतील. मी बटण दाबीन. डिकी आपोआप उघडेल आणि आत तुझं खळं! लोक तोंडात बोटं घालतील."

"लोकांनी बटण बघायचं का खळं?"

"दोन्ही!"

त्या प्रश्नाचं खरं उत्तर मला आता सुचतं. पण लग्नाच्या सकाळी मी खळं धोतराच्या पानात गुंडाळलं आणि डिकीत अगदी आत, सीटच्या पाठीला लावून ठेवलं, धक्का लागू नये म्हणून. त्यापुढे लाडवांचे डबे, कुरडयांची परात, पालखी, वर माझ्या कपड्यांची बॅग. झाकण काही बसेना. माझा केंद्रातला सोबती पुंजाराम लग्नाला बरोबर येणार होता. तो अंगाने भरलेला. त्याला म्हटलं, "बस रे वर." तो बसला. खट्ट झालं.

निघताना मी बटणाची पूजा केली. हे जरा लक्षात ठेवा. दर खंडेनवमीला केंद्रात ओरडत फिरणारा माणूस मीच होतो. मशिनची पूजा करा, पण स्विचला कुंकू लावाल तर याद राखा, पॅनेलवर तांदूळ टाकाल तर रिपोर्ट करीन! पोरं घाबरून नुसता नमस्कार करायची. त्याच मी हळद-कुंकू पाण्यात कालवलं आणि बेलच्या बटणाच्या कडेने बोट असं फिरवलं की फट काठोकाठ भरली. त्यावर अक्षता चिकटवल्या. सिंधू म्हणाली, "बटणाला कशाला?" मी म्हणालो, "आज त्याचा मान आहे."

घोटीला पोचलो तेव्हा वाजंत्री चालू होती. मुलाकडचे येऊन बसले होते. त्यांच्यात पुढेच खुर्ची टाकून बसल्या होत्या नवऱ्या मुलाची आत्या, नवसाबाई. अंगापिंडाने एवढ्याशा, पण त्यांनी नाव ठेवलं की ते चिकटतं, अशी त्यांची ख्याती आम्हाला रंगनाथशेठच्या बायकोने आधीच ऐकवली होती. "रुखवत आलं, रुखवत आलं" म्हणून बायका गाडीभोवती जमल्या. सिंधू उतरली. तिने नवी जांभळी साडी नेसली होती आणि ती पुन्हापुन्हा निऱ्या चापत होती, ते मी पाहिलं. पाहिलं आणि मनात म्हटलं, आता बघ.

मी बटण दाबलं.

खट्ट झालं नाही. मागून नुसता घूं असा आवाज आला. मला वाटलं, ओझं जास्त आहे, कॉईल जोर लावते आहे. मी मोठ्या डौलाने उतरलो, मागे गेलो आणि झाकणावर थापट्या मारायला लागलो. झाकण हलेना. आतल्या सामानाने ते खालून असं रेटून धरलं होतं की कुलपाची जीभ जागच्या जागी आवळून बसली होती. पुंजारामला पुन्हा वर बसवलं असतं तर ती सुटली असती. हे साधं गणित मला सुटलं, पण केव्हा, तर पुंजाराम गाडीतून ओरडला तेव्हा: "दादा, जळाल्याचा वास येतोय! अन् तुमचं बटण वर येत नाय!"

तांदळाचा एक दाणा बटणाच्या फटीत रुतून बसला होता. वरून कुंकवाचा लगदा. बटण दाबलेलं ते दाबलेलंच. मी बॉनेट उघडून बॅटरीची वायर उपटली तोवर घूं थांबला होता. कॉईल जळाली होती. डिकी बंद, बटण मेलेलं, आणि हँडल तर मीच काढून टाकलेलं. स्टेपनी, जॅक, माझे पान्हे सगळे डिकीत. विमान उभं होतं आणि बैल विकले होते.

बायका बघत होत्या. वाजंत्रीवाल्यांनीही वाजवणं थांबवलं. इतका वेळ ते कशासाठीच थांबले नव्हते.

"काय झालं वो, रुखवत लाजलं का?" नवसाबाईंनी विचारलं. हशा झाला. रंगनाथशेठ माझ्याकडे पाहून म्हणाले, "मुहूर्त जवळ आलाय, फोरमनसाहेब." त्यांनी साहेब म्हटलं, त्याचंच जास्त लागलं. सिंधू डिकीच्या गुळगुळीत पत्र्यावर, जिथे हँडल होतं तिथे, हात ठेवून उभी होती.

एकच वाट होती. मागच्या सीटची पाठ काढली की मधे पुठ्ठ्याचा पडदा असतो, तो फाडला की डिकी. भोक लहान. खळ्याची फळी त्यातून निघणं शक्य नव्हतं, माणूस जेमतेम शिरला असता, आणि तो माणूस मीच असायला हवा होता, कारण केबल कुठे बांधली आहे ते माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. मी बुशशर्ट काढला. गंजीफ्रॉकवर, डोकं पुढे करून, आत शिरलो. कमरेपर्यंत गेलो आणि अडकलो. पुंजारामने माझे पाय धरून ढकलले. बाहेर काय दिसत असेल ते मला दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं.

"खळं तिथंच हाय," सिंधू मागून म्हणाली. "सांभाळा."

"सांभाळतोय!"

अंधारात हाताला केबल लागली. ओढली. जीभ हलेना. तेव्हा तरी ते गणित आठवलं. "वरून दाबा!" मी आतून ओरडलो. "झाकणावर बसा कुणीतरी!" कुणी ऐकलं कुणास ठाऊक, पण मुलीकडचे दोन-तीन जण हौसेने बसले असावेत, कारण माझ्या डोक्यावरचा पत्रा खाली आला. मी जोर लावायला डावं कोपर टेकवलं आणि उजव्या हाताने केबल ओढली. खट्ट! जीभ सुटली. ते उतरले, झाकण वर उडालं, उजेड आला.

सगळी घोटी माझ्याकडे बघत होती. लाडवांच्या डब्यांमागे, कपाळाला काजळी लागलेला, गंजीफ्रॉकमधला मी. धोतराचं पान सरकलेलं आणि माझं डावं कोपर खळ्याच्या मधोमध. तिवडा मोडलेला. पेंढ्या विस्कटलेल्या. एक बैल माझ्या कोपराला चिकटलेला. साळीची रास सगळीकडे पसरलेली.

मला त्या क्षणी रडू आलं होतं, हे सांगायला आता लाज वाटत नाही. तिचं दिवाळीपासूनचं काम माझ्या कोपराखाली होतं आणि कोपर उचलायचीही मला हिंमत होईना.

नवसाबाई पुढे आल्या. वाकून बघितलं. मग मोठ्याने म्हणाल्या, "लाडू पाहिले, पालखी पाहिली. रुखवतात हे काय नवीन ठेवलंय? नाव घ्या कुणीतरी याचं!"

सगळ्या बायका सिंधूकडे वळल्या. एरवी सिंधूने माझं नाव तोंडाने कधी घेतलेलं नाही, "अहो" नाहीतर "आमचे हे", पण मांडवात नाव मागितलं की उखाणा घ्यावाच लागतो. तिने एकदा खळ्याकडे पाहिलं. एकदा माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही चालू लागेल. ती पदर सावरून ताठ उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"घोटीच्या खळ्यावर, सोन्याची रास,
वाल्मीकरावांनी केली मळणी, बैलाचा वाचला घास!"

मांडव नुसता कोसळायचा बाकी राहिला. नवसाबाईंना ठसका लागला. कुणीतरी त्यांच्या पाठीवर थापट्या मारत होतं आणि नवसाबाई हाताने खुणा करूनच "पुन्हा, पुन्हा" म्हणत होत्या. वाजंत्रीवाल्यांनी काहीही न सांगता वाजवायला सुरुवात केली. माझ्या अंगावरून लाडू, पालखी, परात बाहेर गेली. मग दोन बायकांनी ते खळं, तसंच तुडवलेलं, अलगद उचललं आणि रुखवताच्या मधोमध मांडलं. मळणी झालेलं खळं असंच दिसतं, असं घोटीच्या बायका एकमेकींना सांगत होत्या, आणि त्यांना माहीत असणारच. लग्नात नवरीपेक्षा गर्दी त्या खळ्याभोवती होती. मी मांडवाच्या मागे हात धुवत बसलो होतो. तिथेही लोक येऊन मला बघून जात होते.

परतताना डिकी सुंभाने बांधली. पुंजाराम मागे घोरत होता. मी सिंधूला म्हणालो, "नाव झालं गं तुझं."

विल्होळीच्या अलीकडे मी पुन्हा म्हणालो, "लोक किती हसले."

"मीच हसवलं त्यांना," ती म्हणाली. "नायतर ते तुम्हाला हसले असते."

मग तिने कमरेला खोचलेला रुमाल काढून उलगडला. त्यात मोडलेल्या तिवड्याचे दोन तुकडे होते. "हा बाबांच्या खळ्यातला हाय," ती म्हणाली. "खरा तिवडा. पडवीत पडला होता. भावाकडून मागून घेतला अन् तासून बारीक केला. त्या गिरणीवाल्याच्या मांडवात उभा राहावा म्हणून." आणि ती रडायला लागली, आवाज न करता. मी गाडी कडेला घेतली. बोलून बोलून ज्या माणसाने केंद्र डोक्यावर घेतलं होतं त्याला आपल्या बायकोशी बोलायला एक शब्द मिळेना. मी नुसता बसून राहिलो आणि ती रडायची थांबली तेव्हा गाडी सुरू केली.

दुसऱ्या दिवशी मी वेल्ड केलेला तुकडा कापून जुनं हँडल परत बसवलं. ते अजूनही मला उघडत नाही. सिंधू गुडघा लावते.

होळीच्या आसपास घोटीहून रंगनाथशेठच्या बायकोचा निरोप आला. नवसाबाईंच्या नातीचं लग्न ठरलं होतं, आणि त्यांना रुखवतात खळं पाहिजे होतं. पण साधं नको, मळणी झालेलंच पाहिजे. सिंधू पुन्हा आतल्या खोलीत बसली. पुन्हा माती, पेंढ्या, तिळाच्या डोळ्यांचे बैल, पदर उडालेली बाई. तिवडा तोच, मोडलेल्या जागी लाल दोऱ्याने घट्ट गुंडाळलेला. सगळं झाल्यावर तिने मला आत बोलावलं.

"बाही वर करा," ती म्हणाली. "डावी."

मी बघत राहिलो. खळं इतकं नीट झालं होतं की माझा हात पुढे होईना. "मला नाही जमायचं," मी म्हणालो. "तूच कर."

"मला तसं येत नाय. करून बघितलं, ते खोटं दिसतंय."

मी खाली बसलो. तिने वाकून तिवडा अलगद उपसला आणि मुठीत धरला. दुसऱ्या हाताने माझं कोपर धरून खळ्याच्या बरोबर मध्यावर आणलं.

"दाबा आता," ती म्हणाली.